वरची रांग, खालची रांग

१२ ऑक्टोबर

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी खुशाली विचारायला हे पत्र लिहीत नाही. तू खुशाल असल्याचं पिंपवाल्याने सांगितलं. माझ्या शेडमधल्या पिंपांच्या लोखंडी पट्ट्या ठोकायला तो काल आला होता. ठोकता ठोकता सहज बोलल्यासारखं म्हणाला, की बाबांच्या तळघरातली खालची सगळी रांग दादांनी एका बाटलीवाल्या व्यापाऱ्याला द्यायचं कबूल केलं आहे आणि जानेवारीत तो टँकर आणून पिंपं रिकामी करणार आहे. 'रिकामी' हा शब्द मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतला. दुसऱ्यांदा म्हणताना तो बिचारा माझ्याकडे न बघता पिंपाकडे बघत होता. लाकडाशी काम करणाऱ्या माणसाला लाज वाटली, तुला वाटली नाही.

मी तुला काही शिकवावं हे तुला कधी रुचलेलं नाही. तरी शिकवते. घरातली गोष्ट ज्याला विसरता येते, त्याला ती परक्यासारखी पहिल्यापासून सांगावी लागते. आपल्या तळघरात पिंपांच्या तीन रांगा होत्या, एकीवर एक. सगळ्यांत खाली सगळ्यांत जुनी वाइन. वर्षातून दोन-तीनदा तिच्यातून थोडी काढायची, पिंपाचा पाव भागसुद्धा नाही, आणि बाटल्यांत भरायची. काढली तेवढी मधल्या रांगेतून खाली उतरवायची. मधलीत वरचीतून, आणि वरचीत हंगामाची नवी. कुठलंही पिंप कधीही रिकामं करायचं नाही. म्हणून पणजोबांनी पहिल्यांदा भरलेल्या वाइनचा अंश, थेंबाएवढा का होईना, आजही खालच्या रांगेत आहे. नवी वाइन जुनीच्या संगतीत राहून तिचं वळण उचलते, असं बाबा म्हणायचे. हे वळण टँकरच्या पंपाने ओढून नेता येत नाही. तो व्यापारी नुसतं पातळ काहीतरी घेऊन जाईल आणि तुझ्याकडे ओलं लाकूड राहील.

आणि ती आपली वाटणी! माणसं जमीन वाटतात, भांडीकुंडी वाटतात. वरून खाली वाहणाऱ्या गोष्टीचे आडवे काप करून घेणारे भाऊ-बहीण आपणच. वकिलाने तळघरात उभं राहून वर पाहिलं, खाली पाहिलं, त्याला एक मोठं फडताळ दिसलं. खालचा कप्पा थोरल्याला, वरचा धाकटीला. मधल्या रांगेतली पिंपं एकाआड एक, निम्मी तुला, निम्मी मला. ओतायचं नरसाळं तुला आणि त्याला खालून बसणारी लांब नळी मला, म्हणजे एकाच हत्याराचे दोन तुकडे. मग हे अगदी न्याय्य झालं असं म्हणून त्याने चष्मा पुसला. इतका मन लावून केलेला मूर्खपणा मी त्यानंतर पाहिलेला नाही, आणि सार्वजनिक सभांत मी बराच पाहते.

तुला जुनं हवं होतं, ते मिळालं. आज तुझ्याकडे वाइनचा वृद्धाश्रम आहे आणि माझ्याकडे पाळणाघर. घर दोघांकडेही नाही. पण वृद्धाश्रम चालवता येत नाही म्हणून म्हातारी माणसं टँकरमध्ये भरून देतात, हे मी पहिल्यांदाच ऐकते आहे.

पिंपवाल्याबरोबर माझ्या गेल्या हंगामातल्या वाइनची एक बाटली पाठवते. तुझ्या व्यापाऱ्याला पाज. त्याला जुन्यानव्यातला फरक कळला, तर मी त्याची जाहीर माफी मागेन.

वहिनीला नमस्कार. तुझ्यावरचा लोभ सध्या बंद आहे, उघडला की कळवीन.

तुझी धाकटी बहीण,
तोफ


२१ ऑक्टोबर

चि. तोफेस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, बाटलीही पोचली. दोन्हींत पत्र जास्त कडक होतं.

चारचौघांसमोर भाषणं ठोकून तुला वाक्य संपलं की टाळ्यांसाठी थांबायची सवय लागली आहे. इथे टाळ्या वाजवायला कुणी नाही. पत्र वाचताना तुझ्या वहिनीने एकदा जांभई दिली, तेवढी दाद पदरात घे.

वकिलाला शिव्या देतेस, त्या पोचवतो. पण त्याच्या टेबलावर पहिली सही कुणाची पडली? तूच लेखणी ओढून घेतलीस आणि म्हणालीस, की म्हातारं सगळं दादाने सांभाळावं, मला जिवंत काहीतरी हवं. तेव्हा ते वाक्य तुला फार आवडलं होतं. वकिलाच्या कारकुनालाही आवडलं. वाक्य चांगलं जमलं म्हणून बाबांचं तळघर कापलं गेलं, असं मी समजतो.

आता व्यवहाराचं बोलतो, म्हणजे तुला कंटाळा येईल. खालच्या रांगेतून मी काढतो, पण भरू कशाने? माझ्या वाट्याची मधली पिंपं पहिल्याच वर्षी खाली उतरली. त्यानंतर काय ओतू, विहिरीचं पाणी? पिंपांतली पातळी उतरते आहे आणि त्यांत हवा भरते आहे. अजून थोडा काळ गेला की त्या पणजोबांच्या थेंबासकट सगळ्याचं व्हिनेगर होईल, आणि मग तू येऊन त्यावरही भाषण करशील. त्यापेक्षा ज्याला हवी आहे त्याला ती धडधाकट असताना दिली, तर माझं काय चुकलं? व्यापारी सभ्य माणूस आहे. हातमोजे घालून तळघरात आला. बाटलीच्या तोंडाला लाख लावून त्यावर पणजोबांच्या काळातलं वर्ष छापणार आहे. त्या निमित्ताने घराण्याचं नाव तरी राहील.

आता तुझी बाटली. ग्लासात ओतली तर समोरची खिडकी दिसेना, इतकी गढूळ. नाकाशी नेली तर डोळ्यांत पाणी आलं. बहिणीच्या प्रेमाने नव्हे, कच्च्या अर्काच्या भपक्याने. तू द्राक्षाचा अर्क, ती गाळलेली कडक दारू, सरळ नव्या वाइनमध्ये ओतलास ना? लपवू नकोस, वासावरून शपथेवर सांगतो. आपल्याकडे अर्क असा कधी ओतला गेला नाही. आधी मोठ्या बरणीत तो जुन्या वाइनबरोबर निम्मानिम्मा मिसळायचा, निवांत ठेवायचा, माणसाळला की मग नवीत घालायचा. परक्या माणसाला कुणाची तरी ओळख घेऊन घरात आणावं तसं. हे तुला ठाऊक नाही असं नाही. तुझ्याकडे जुनी वाइन नाही, इतकंच. पाळणाघरात आजोबा नसतात, हे वाटणीच्या वेळी सुचायला हवं होतं.

बाकी ठीक. यंदा पिंपांतली साय थोडी पातळ वाटते, हवेमुळे असावी.

तुझी वहिनी विचारते, शेडच्या पत्र्याखाली गरम होत नाही ना. मी विचारत नाही.

लोभ आमच्याकडून चालूच असतो, तो बंद करायची सोय थोरल्यांना नसते.

दादा


२ नोव्हेंबर

ति. दादास,
सा. न. वि. वि.

चार पानं माझी टर उडवलीस आणि शेवटी, पत्रात जागा उरली म्हणून लिहावं तसं, साय पातळ झाल्याचं लिहिलंस. घराला आग लागली आहे आणि बाकी सर्व क्षेम, अशा थाटात! 'हवेमुळे' म्हणे. हवेचा आणि सायीचा संबंध बाबांनी तुला पिंपाला कान लावायला लावून शिकवला होता. माझ्या माहितीप्रमाणे कान अजून दोन्ही शाबूत आहेत.

ती साय म्हणजे दुधावरची निर्जीव साय नव्हे. ते खमीर आहे, जिवंत. पिंप मुद्दाम काठोकाठ भरत नाहीत ते त्याच्यासाठी. वरच्या मोकळ्या जागेत ते पांघरुणासारखं पसरतं आणि खालच्या वाइनला हवा लागू देत नाही. म्हणून आपली वाइन इतकी वर्षं पिंपात राहूनही गवताच्या काडीसारखी फिकट राहते. पण त्या पांघरुणाला खायला लागतं. जुन्या वाइनमध्ये त्याच्या खाण्यासारखं काही उरत नाही, ते वरून येणाऱ्या तरुण वाइनमधून मिळतं. वरची रांग तोडली, खालची उपाशी राहिली. तुझी साय हवेने पातळ झालेली नाही. तू तिला जेवू घातलेलं नाहीस.

लोकांना वाटतं, अशा वाइनमध्ये अर्क घालतात तो झिंग वाढावी म्हणून. गेल्या महिन्यात एका सभेनंतर एका शहाण्याने मला हसत हसत विचारलं, की बाई, दारूत पुन्हा दारू ओतायची ही काय रीत? मी त्याला म्हटलं, तुम्ही विचारात विचार मिसळायची सवय करा, मग सांगते. अर्क हा लगाम आहे. द्राक्षाचा रस पूर्ण आंबून कोरडा झाला की अर्क घालून त्यातलं मद्य शंभरात पंधरापर्यंत चढवायचं. तिथे साय सुखाने जगते. सतराच्या पुढे नेलं की साय मरते, वाइन उघडी पडते आणि हवेशी झुंजत तांबूस होते. तीही एक जात आहे, आणि वाईट नाही. आणि रस आंबत असतानाच मध्ये अर्क ओतला तर खमीर जागच्या जागी थांबतं, त्याच्या तोंडातला साखरेचा घास तसाच राहतो आणि वाइन गोड होते. मीही एक पिंप तसं करून पाहिलं. शेजारच्या म्हाताऱ्या डॉक्टरांना ते इतकं आवडलं की ते आता रोज माझी नाडी बघायला येतात. हे सगळं तू मला ऐकवू शकतोस, म्हणून मीच तुला ऐकवते.

माझी बाटली गढूळ झाली ती लॉरीच्या धक्क्यांनी. या विषयावर यापुढे पत्रव्यवहार होणार नाही.

आणि पणजोबांच्या काळातलं ते वर्ष! खालच्या पिंपात अमुक वर्षाची म्हणून वाइन असते का? तिच्यात सगळी वर्षं आहेत. माझा जन्म झाला त्या हंगामाची आहे, बाबा गेले त्या हंगामाची आहे. त्यातलं एक निवडून लाखेने चिकटवायचं म्हणजे एखाद्या खानदानाच्या फोटोतल्या फक्त सर्वांत म्हाताऱ्याचं डोकं कापून चौकटीत लावायचं. हा धंदा त्या हातमोजेवाल्याला शोभतो. तू त्याला तळघराचा दिवा धरतोस, हे बघायला बाबा नाहीत, एवढं एक बरं.

त्याला नाही म्हण. कारण सांगायला जमत नसेल तर मला बोलव.

लोभाबद्दल मागच्या पत्रात लिहिलेलं कायम आहे.

तोफ


२४ नोव्हेंबर

प्रिय वन्संना,
नमस्कार वि. वि.

हे पत्र तुमच्या दादांना न सांगता लिहिते आहे. तुम्हा दोघांची पत्रं मी मोठ्याने वाचते, तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून ऐकतात आणि चांगला टोमणा आला की त्यांचे खांदे हलतात. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला वाटायचं, हे दोघं एकमेकांना पाण्यात पाहतात. आता कळलं, दोघांना दुसरं कुणी बोलायला पुरतच नाही. तुम्ही दोघं हुशार आहात यात शंका नाही. पण दोन हुशार माणसांनी मिळून जो घोळ घातला आहे, तो एखाद्या साध्या मूर्खाला एकट्याने जमला नसता.

खरी बातमी सांगते. साय 'थोडी पातळ' नाही. दाराजवळच्या दोन पिंपांवर ती उरलेलीच नाही, आणि बाकीच्यांवर फाटून तुकड्यातुकड्यांनी तरंगते आहे. तुमचे दादा सकाळी तळघरात जातात, बूच काढून बॅटरी आत धरतात आणि बघत बसतात. जेवायला हाक मारली तर ताट तिथेच पाठव म्हणतात. मी पाठवत नाही. वर या म्हणते. येतात, उभ्या उभ्या खातात आणि परत जातात.

व्यापारी परवा पुन्हा आला. यांनी त्याच्यापुढे पाच ग्लास ठेवले. त्याने हातमोजे काढले, एकेक घोट तोंडात खुळखुळवला, बादलीत थुंकला आणि दाराजवळच्या पिंपाचा ग्लास उचलून म्हणाला, की हीच खरी पणजोबांची, बाकीच्या हिच्यापुढे पोरी. साय मेलेलं पिंप ते! रंग तांबूस व्हायला लागला आहे, म्हणून त्याला ती जास्त जुनी वाटली. तुमचे दादा त्याच्या बुटांकडे बघत राहिले. मग तो म्हणाला, की वाइन काढून झाली की पिंपंही तोच नेईल, मधून कापून हॉटेलांत टेबलं करायला हल्ली फार मागणी आहे. तेव्हा यांनी ग्लास धुवायला घेतले. घरात मी असताना यांनी ग्लास धुतल्याचं मला आठवत नाही.

तो गेल्यावर मी म्हटलं, नाही म्हणून टाका. तर म्हणाले, कशाच्या जोरावर म्हणू? त्याला नाही म्हटलं तर पिंपं वाचतात का? ती इथे माझ्या डोळ्यांसमोर मरतील, एवढाच फरक. मी म्हटलं, बहिणीला लिहा, तिच्याकडे वरची रांग आहे. यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना रस्त्यावर उभं राहून गायला सांगितलं.

आणखी एक. खालच्या रांगेतल्या सगळ्यांत चांगल्या पिंपातून त्यांनी एक बरणी काढून बाजूला ठेवली आहे, दिवाळखोर होऊ घातलेल्या माणसाने गाठोडं लपवावं तशी, जिन्याखाली. मी हात लावला तर ओरडले. बरणीवर खडूने काही लिहिलेलं नाही, नुसती एक तोफ काढली आहे. चित्र वाईट आहे. चाकं चौकोनी आहेत.

तुमच्या यंदाच्या नव्या वाइनमध्ये अर्क अजून घातला नसेल, तर थांबा, एवढंच सांगते. बाकी तुम्ही दोघं शहाणे.

मुलगी परीक्षेच्या अभ्यासाला बसते असं म्हणते. तुमची आठवण काढते, म्हणजे तुमची नक्कल करते.

आहे ते प्रेम तसंच राहू द्या, भर मी घालीन.

तुमची,
वहिनी


२९ नोव्हेंबर

ति. दादास,
सा. न. वि. वि.

येत्या शनिवारी दुपारी लॉरी घेऊन येते आहे. तुझ्यासाठी येत नाही. तू तुझ्या व्यापाऱ्याबरोबर टेबलाभोवती बसून कापलेल्या पिंपावर कोपर टेकवावंस, माझी हरकत नाही. मी येते ती ज्यांनी सही केली नव्हती त्यांच्यासाठी, आणि ती सगळी तळघरात आहेत.

माझ्या वाट्याच्या मधल्या रांगेतली आणि वरच्या रांगेतली, दोन्ही लहान पिंपांत भरून आणते. वाटणीच्या आधीची आहे, नितळ आहे, नाक मुरडू नकोस. मधलीतली खाली जाईल, वरचीतली तुझ्या रिकाम्या मधल्या पिंपांत. नळी माझ्याकडे आहे. नरसाळं धुऊन ठेव. साबणाने नको. बाबा असताना एकदा तू साबण लावला होतास आणि बाबा तुला आठवडाभर धोबी म्हणत होते. वाइनने धू.

शिडीची तिसरी पायरी दुरुस्त केली आहेस का? नसेल तर कर. मी आता पूर्वीएवढी हलकी नाही, आणि पडले तर पडता पडता जे बोलेन ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल.

दाराजवळच्या दोन पिंपांत काही ओतायचं नाही. मेलेल्या सायीला जेवण वाढून ती उठत नाही. त्यांचं काय करायचं ते तुला ठाऊक आहे. ठाऊक नसल्याचं सोंग माझ्यापुढे करू नकोस.

भाषण करणार नाही. तूही करू नकोस. बाबांचा नियम होता, ओतताना बोलायचं नाही, बोलताना हात हलतो आणि साय फाटते. तो नियम मला त्या दिवशी फार सोयीचा आहे.

वहिनीने मला काहीही कळवलेलं नाही.

तोफ


१० मार्च

चि. तोफेस,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर तीन महिने मी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडेपर्यंत लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. तुझ्यावर ही पद्धत लादली तर शहरातली निम्मी सभागृहं ओस पडतील.

साय धरली. आधी भिंतीकडच्या पिंपावर, कडेकडेने, पिठाची चिमूट उडवल्यासारखी. मग तिच्या शेजारी. आता दाराजवळची दोन सोडली तर सगळ्यांवर पांघरूण आहे, काहींवर इतकं जाड की बॅटरीचा उजेड खाली उतरत नाही. त्या दोघांत मी अर्क घातला, जुन्यात निम्मा मिसळून, निवांत ठेवून, सतराच्या पुढे नेऊन. वरची खडूची जुनी रेघ पुसून वेगळी खूण केली. आता त्यांना त्यांच्या वाटेने तांबूस होऊ दे. वर्षा-दोन वर्षांनी चाखून बघ. मेली असं तू ज्यांना म्हणालीस ती काय होतात ते बघायला तुला आवडणार नाही, म्हणून मुद्दाम बोलावीन.

व्यापारी जानेवारीत आलाच, टँकर घेऊन. दारात उभं राहून त्याने विचारलं, लेबलावर नक्की कोणतं वर्ष घालायचं. मी म्हटलं, तिला वर्ष नाही, तिच्यात पणजोबांचीही आहे आणि गेल्या डिसेंबरात उतरवलेलीही आहे. तो म्हणाला, मग छापू काय? मी म्हटलं, काहीच छापू नका, कारण काहीच मिळणार नाही. त्याला वाटलं, मी भाव वाढवतोय. खिसा चाचपायला लागला. शब्द देऊन मोडता, असंही म्हणाला, आणि ते खरं होतं, म्हणून मी ऐकून घेतलं. पण पुन्हा तो दाराजवळच्या त्या पिंपावर थाप मारून म्हणाला, की निदान ही खरी जुनी तरी द्या. तेव्हा मी त्याला सांगितलं, की माझी एक बहीण आहे, ती हे सगळं फार सविस्तर समजावून सांगते, बोलावून घेतो, तुम्ही दुपारपर्यंत बसा. मुलीने लगेच तुझी नक्कल करून दाखवली. हातमोजा उंबऱ्यात पडला तोही त्याने उचलला नाही. आम्ही तो बुचं पुसायला वापरतो.

आता त्या शनिवारबद्दल. सबंध दुपारभर आपण एक शब्द बोललो नाही. तू शिडीवर बसून नरसाळ्यात ओतत होतीस आणि मी खाली पिंपाला टेकून नळीचं टोक सायीच्या खाली धरून होतो, लहानपणी धरायचो तसं. पिंपावर बोटाने एकदा टकटक केलं की ओत, दोनदा केलं की थांब. वकिलाने ही टकटक कुणाच्या वाट्याला टाकली होती ते मी वाटणीपत्रात शोधून पाहिलं. तिचा उल्लेखच नाही. तीन पिंपं झाल्यावर मी टकटक करायच्या आधीच तू थांबायला लागलीस. मी मुद्दाम एकदा टकटक केलीच नाही. तरी तू बरोबर थांबलीस आणि वरून माझ्या टकलावर वाइनचे चार थेंब टाकलेस. ते चुकून पडले असं तू म्हणशील. बाबांच्या तळघरात चार थेंब चुकून पडत नाहीत.

बरणी नेलीस त्याबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. पिंपवाला परवा आला होता. त्याने सांगितलं, की यंदाची तुझी नवी वाइन काचेसारखी नितळ आहे आणि अर्काचा भपका औषधालाही नाही. तू स्वतः कळवलं नाहीस, कारण मग गेल्या वेळी लॉरीचे धक्के नव्हते हे कबूल करावं लागलं असतं. राहू दे. मी त्या लॉरीच्या ड्रायव्हरला तुझ्या वतीने माफ केलं आहे. बरणी परत करताना तोफ पुसू नकोस. चाकं मी नीट काढतो.

जाताना तू नळी तुझ्या पिशवीत घालून नेलीस. तुझी वहिनी म्हणाली, की ती तिकडे वर्षभर नुसती पडून राहणार, मागवून घ्या, नरसाळ्यात अडकवून इथेच खुंटीला टांगू, जो असेल तो वापरेल. वाटणीपत्रही बदलून घ्या म्हणाली. मी म्हटलं, वाटणी म्हणजे वाटणी. वकिलाच्या हातून जन्मात एक काम बरं झालं आहे, ते आपण बिघडवायचं नाही. नळी तिची आहे, तिच्याकडेच राहील. नरसाळं माझं आहे आणि ते मी या तळघराच्या बाहेर पाऊल टाकू देणार नाही.

पुढची उतरवणी एप्रिलच्या अखेरीला आहे. शिडीची तिसरी पायरी बदलली, आणि चौथीही. चौथीने तुझ्याबद्दल तक्रार केली होती.

लोभ तू उघडल्याचं अजून कळवलेलं नाहीस. कळवू नकोस, मला टकटक केल्यावर कळेल.

दादा